फ्लुव्हल ईव्हो ५२ लिटर : या टाकीत कोणते मासे एकत्र नांदतात

कॅनडातील हेगन कंपनीची फ्लुव्हल ईव्हो ही ५२ लिटरची टाकी खाऱ्या पाण्याच्या छंदात नव्याने उतरणाऱ्याच्या नजरेत सहज भरते, कारण दिवा, झाकण, पंप आणि गाळणी हे सगळे एकाच खोक्यात मिळते आणि दिवाणखान्यातल्या एखाद्या भक्कम कपाटावरही ती मावते. तिचा दिवा आणि तिचा पंप यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. हे परीक्षण एकाच प्रश्नाभोवती आहे: या टाकीत कोणते मासे, किती आणि कोणत्या क्रमाने सोडले, तर वर्षभरानेही ते सगळे जिवंत असतील आणि त्यांतला एकही कोपऱ्यात दबून बसलेला नसेल? उत्तर आधीच सांगते. दोन मासे निर्धास्तपणे, तिसरा विचारपूर्वक, आणि चौथ्याला जवळजवळ नकारच.

खोक्यावरचे ५२ लिटर हे टाकीच्या एकूण जागेचे माप आहे. टाकी सुमारे ५६ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३९ सेंटिमीटर उंच असून तिचा मागचा पट्टा गाळणीच्या कप्प्यांनी व्यापलेला आहे. पुढच्या भागात पाच-सहा किलो दगड आणि चार-पाच सेंटिमीटर वाळूचा थर घातला, की प्रत्यक्ष पाणी ४२ ते ४५ लिटरच्या आसपास उरते. माशांचा हिशेब या उरलेल्या पाण्यावर करायचा असतो. ४२ लिटरमधून एक लिटर पाणी उडून गेले, तर हजारी ३५ असलेली क्षारता ३५.८ च्या वर चढते, आणि उन्हाळ्यात पंखा लावलेल्या उघड्या टाकीत एवढे पाणी एका दिवसात उडू शकते. खोक्यातली गाळणी स्पंज, कार्बन आणि सच्छिद्र सिरॅमिकच्या कड्या अशी तीन टप्प्यांची आहे. हीटर आणि प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, सोबत येत नाहीत. म्हणजे माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून तयार होणाऱ्या अमोनियाचा बंदोबस्त दगडांतले आणि कड्यांवरचे जिवाणू करतील, पण त्यातून शेवटी उरणारा नायट्रेट आठवड्याला पाच-सहा लिटर पाणी बदलूनच कमी करावा लागेल. तीन लहान मासे असतील तर हे काम आटोक्यात राहते. पाच मासे असतील तर बदलायच्या पाण्याचे प्रमाण आणि शेवाळ दोन्ही वाढतात, आणि बहुतेकांचा उत्साह नेमका इथेच मावळतो.

तरीही मला पाण्यापेक्षा जागेची अडचण मोठी वाटते. नियमित पाणी बदलणारा चिकाटीचा माणूस या टाकीत पाच माशांची घाण सांभाळू शकेल, पण पाच माशांसाठी पाच हद्दी तो आणणार कुठून? समुद्रातल्या खडकावर मार खाल्लेला मासा क्षणात दुसऱ्या खडकाकडे निघून जातो आणि भांडण तिथेच संपते. या टाकीत दुसरा खडक वीतभर अंतरावर असतो आणि हरलेला मासा जिंकलेल्याच्या नजरेसमोरून हलूच शकत नाही. त्यामुळे दुकानात सर्रास ऐकू येणारा ‘हा शांत मासा आहे, कोणाहीबरोबर राहील’ हा सल्ला लहान टाकीत फारसा उपयोगी पडत नाही. एकाच बिळावर डोळा असलेले दोन शांत मासे एकमेकांचा जीव घेतात, आणि थोडे तापट असलेले दोन मासे, एक वाळूत राहणारा आणि एक वरच्या पाण्यात राहणारा असेल, तर वर्षानुवर्षे एकमेकांकडे पाहतही नाहीत. या टाकीपुरता ‘जुळणारा मासा’ म्हणजे आधीच्या माशाला हवी असलेली जागा ज्याला नको आहे असा मासा.

याच कारणाने दगडांची रचना मासे आणण्यापूर्वी ठरवावी लागते. मागच्या काचेला टेकवून उभी केलेली एकसंध भिंत दिसायला भरगच्च असते, पण तिच्यात राहणाऱ्या सगळ्या माशांची दारे एकाच बाजूला उघडतात. त्यापेक्षा एक मोठा आणि एक लहान असे दोन ढीग करावेत, मध्ये वाळूची मोकळी वाट ठेवावी आणि दोन्ही ढिगांत आरपार जाणारी, एकाहून अधिक तोंडे असलेली भोके राखावीत, म्हणजे पाठलाग झाला तर पळणाऱ्याला नजरेआड होता येते. ५६ सेंटिमीटरच्या लांबीत असे दोन ढीग बसतात, तीन बसत नाहीत. ही या टाकीची मर्यादा आहे आणि माशांची संख्या शेवटी तिच्यावरच येऊन ठरते.

माझी पहिली निवड ऑसेलारिस क्लाउनफिशच्या जोडीची आहे. ही जात लोकप्रिय आहे म्हणून मी ती निवडत नाही. समुद्रातही हा मासा आपले समुद्रफूल, म्हणजे ज्याच्या भुजांत तो आसरा घेतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी, सोडून फार लांब जात नाही, म्हणून लहान जागेत त्याची घुसमट होत नाही, हे खरे कारण आहे. मादी आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर तिच्याहून लहान राहतो. दोघे पाण्याच्या मधल्या आणि वरच्या थरात एखादा कोपरा धरून राहतात आणि उबवणी केंद्रात जन्मलेली पिल्ले टाकीत आल्याच्या पहिल्या दिवसापासून दाणेदार खाद्य खातात. जोडी जमवण्यासाठी नर-मादी ओळखत बसण्याची गरज नसते. सगळे क्लाउनफिश नर म्हणूनच मोठे होतात आणि गटात जो सर्वांत वरचढ ठरतो तो मादी बनतो; म्हणून एक थोडा मोठा आणि एक स्पष्टपणे लहान अशी दोन पिल्ले एकाच वेळी आणली, की त्यांची जोडी बनते. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवतो, ती शरणागतीची खूण आहे. ते पाहून नवखा माणूस मासा आजारी पडला असे समजतो. सारख्याच आकाराचे दोन मोठे मासे आणणे मात्र धोक्याचे, कारण दोन्ही माद्या निघाल्या तर एकीला काढावे लागेल. तिसरा क्लाउनफिश तर आणूच नये. जोडी जमल्यावर तिसऱ्याला ती जगू देत नाही.

दुकानात ‘निमो’ या एकाच नावाखाली चार-पाच जाती विकल्या जातात आणि इथे ग्राहकाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. आपल्याकडच्या समुद्रातला सेबे क्लाउनफिश, क्लार्कचा क्लाउनफिश आणि टोमॅटो क्लाउनफिश हे तिन्ही १४-१५ सेंटिमीटरच्या घरात जातात. मरून क्लाउनफिशची मादी त्याहूनही मोठी होते, तिच्या गालावर काटा असतो आणि तिचा स्वभाव असा, की या टाकीत ती एकटी ठेवली तरी पाण्यात हात घालणाऱ्याला ती चावते. पिल्लू असताना यांतला प्रत्येक मासा दोन इंचांचा आणि गोंडस असतो. त्या वयात जात ओळखता आली नाही, तर निदान विक्रेत्याकडून शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. दोन वेगवेगळ्या जातींचे क्लाउनफिश एकत्र ठेवण्याचा विचारही या टाकीत करू नये.

क्लाउनफिश आला की समुद्रफुलाची फर्माईश घरातली मुले करतातच. ती पुरवू नये. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून येणारे गालिच्यासारखे पसरणारे हॅडोनी समुद्रफूल बाजारात दिसते, पण ते अर्धा मीटरपर्यंत पसरू शकते आणि ही टाकी अवघी ३० सेंटिमीटर रुंद आहे. शिवाय ही जात मासे गिळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि तळाशी राहणारा गोबी जातीचा मासा तिच्या तावडीत आधी सापडतो. क्लाउनफिशला त्याची उणीव भासत नाही. तो एखाद्या मऊ प्रवाळाशी, नाहीतर पंपाच्या तोंडाशी सलगी करतो आणि तिथेच रमतो. भारतात या माशांची पैदास करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने फार पूर्वीच विकसित केले आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची पैदास झाली आहे. समुद्रातून पकडलेल्या माशाऐवजी पैदास केलेला मासा मागणे ही आता अवाजवी मागणी राहिलेली नाही. असा मासा रोगट असण्याची शक्यता कमी असते आणि टाकीतल्या जीवनाची त्याला सवय असते.

या जोडीची एक किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. जोडी वयात आली, की ती एखाद्या सपाट दगडावर अंडी घालते, आणि त्या दिवसांत तो दगड व भोवतालची जागा, म्हणजे या टाकीचा जवळजवळ अर्धा भाग, तिच्या मालकीचा होतो. तिसरा मासा निवडताना हा भविष्यकाळ लक्षात ठेवावा लागतो. दुकानातल्या पिल्लांच्या सौम्यपणावर विसंबून चालत नाही.

म्हणून तिसऱ्या माशासाठी मी वाळूकडे वळते. पिवळा वॉचमन गोबी सुमारे दहा सेंटिमीटरचा होतो, पण त्याचे सगळे आयुष्य बिळाच्या तोंडाशी जाते, आणि क्लाउनफिशना ती जागा नको असते. त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी आणली, तर पूर्ण टाकीत पाहण्यासारखे याहून सुंदर काही उरत नाही. कोळंबीची नजर अधू असते. ती दिवसभर बीळ उकरते, वाळू बाहेर ढकलते आणि बाहेर येताना आपली एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला, की गोबी शेपटी हलवतो आणि दोघे आत दडतात. गोबीला आयते घर मिळते, कोळंबीला पहारेकरी. यासाठी वाळू बारीक असून चालत नाही. तिच्यात शिंपल्यांचे आणि खडीचे तुकडे मिसळलेले असावेत, नाहीतर बोगद्याचे छत टिकत नाही. दगडांचे ढीगही वाळूवर रचू नयेत. ते थेट तळाच्या काचेवर बसवून मग भोवती वाळू घालावी, कारण कोळंबी दगडाखालून पोखरत जाते आणि वाळूवर तोललेला ढीग एके रात्री कोसळतो; या टाकीत पुढची काच दगडापासून काही सेंटिमीटरवरच असते. सुरुवातीला दोन-तीन आठवडे गोबी दिसलाच नाही, तरी घाबरून दगड उपसू नयेत. जात थोडी वेगळी हवी असेल, तर रँडलचा गोबी हा अधिक नाजूक आणि तितकाच कोळंबीप्रेमी पर्याय आहे. मात्र दोन्ही एकत्र नकोत, कारण दोघांनाही तेच बीळ हवे असते.

क्लाउनफिशची जोडी आणि कोळंबीसह गोबी, हा या टाकीचा माझ्या मते सर्वोत्तम संच. वरचे पाणी जोडीचे, तळ गोबीचा, आणि दगडातली पोकळी रिकामी. नेमकी ती रिकामी पोकळीच माणसाला मोहात पाडते.

पोकळीसाठी कॅरिबियन समुद्रातला रॉयल ग्रामा हा मासा सुचवला जातो. पुढे जांभळा आणि मागे पिवळा असा हा आठ सेंटिमीटरचा मासा दगडाच्या छताला पोट लावून उलटा तरंगतो, आणि प्रतिस्पर्धी दिसला, की चावण्याऐवजी जबडा वासून धमकी देतो. तो सुंदर आहे, काटक आहे आणि एकटा ठेवला तर समंजसही आहे. पण क्लाउनफिश ज्या ढिगावर अंडी घालतील त्याच ढिगात त्याची गुहा असली, तर दोघांचे पटणार नाही, आणि या टाकीत ढीग दोनच आहेत. क्लाउनफिशच्या जोडीऐवजी ग्रामा, गोबी आणि एक टेलस्पॉट ब्लेनी असा वेगळा संच करायचा असेल, तर तो मला जास्त पसंत पडेल. टेलस्पॉट ब्लेनी सहा सेंटिमीटरची असते, काचेवरचे आणि दगडावरचे शेवाळ खरवडते आणि एखाद्या रिकाम्या शिंपल्यातून डोळे गरागरा फिरवत बाहेर पाहत बसते. तिच्या नावावर दुकानात लॉनमोअर ब्लेनी गळ्यात मारली जाते. ती १३-१४ सेंटिमीटरची होते आणि ५२ लिटरमधले शेवाळ काही आठवड्यांत संपवून उपाशी मरू लागते. शेवाळ खाणारा कोणताही मासा नव्या टाकीत घालू नये, आधी त्याचे अन्न उगवू द्यावे.

फायरफिशबद्दल माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. नवशिक्यांसाठीच्या प्रत्येक यादीत तो असतो, आणि तो खरोखरच कोणाला त्रास देत नाही. पण यादी इतरांनी त्याला दिलेल्या त्रासाचा विचार करत नाही. तो मधल्या पाण्यात तरंगत अन्न टिपतो, म्हणजे नेमका क्लाउनफिशच्या वाटेवर उभा राहतो, आणि वाढलेल्या मादीने दोनदा अंगावर धाव घेतली, की तो दिवसभर भोकातून बाहेर येत नाही किंवा थेट टाकीबाहेर उडी मारतो. ईव्होचे झाकण बरेच काही झाकते, पण खाद्य घालण्याची खिडकी आणि हीटरच्या वायरी आत घेण्यासाठी राहणारी फट एवढी जागा घाबरलेल्या फायरफिशला पुरते. त्या फटी बारीक जाळीने बंद कराव्यात, आणि क्लाउनफिश असतील तर फायरफिश आणूच नये. क्लाउनफिश नसलेल्या टाकीत तो एकच ठेवावा; दोन अनोळखी फायरफिश एकमेकांना सोसत नाहीत.

चौथ्या माशाला जवळजवळ नकार म्हटले, त्यातला अपवाद म्हणजे पिवळा क्लाउन गोबी. साडेतीन सेंटिमीटरचा हा मासा पोहण्यापेक्षा बसणे पसंत करतो, एखाद्या फांदीवर किंवा पंपाच्या कडेवर ठाण मांडतो, आणि त्याच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव विषारी असल्याने कोणी त्याच्या वाटेला जात नाही. परदेशी लेखांत तो दगडी प्रवाळाच्या फांद्या कुरतडतो अशी तक्रार असते. आपल्याकडे, पुढे येणाऱ्या कारणाने, ती तक्रार उद्भवत नाही.

आता नाकारण्याच्या माशांकडे. त्यांतले काही एका वाक्यात निकालात निघतात: निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, हिंदी महासागरातला पावडर ब्लू टँग २० सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि दोघांनाही लांब पल्ल्याचे पोहणे लागते, दुकानातले पिल्लू रुपयाच्या नाण्याएवढे आहे हा युक्तिवाद ऐकूनही घेऊ नये. ट्रिगर, पफर आणि लायनफिश हे कोळंबी आणि लहान मासे खातात. मूरिश आयडॉल मोठ्या टाक्यांतही टिकवणे अवघड आहे.

खरे नुकसान करतात ते आकाराने या टाकीत बसणारे मासे. डॅमसेल हे त्यांतले पहिले नाव. ते स्वस्त, रंगीत आणि चिवट असतात, म्हणून टाकी नवी असताना ‘सायकल करायला’, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवायला, ‘दोन डॅमसेल टाका’ असे सांगितले जाते. अमोनियात मासा ठेवून जिवाणू वाढवण्याची ही रीत क्रूर आहे आणि अनावश्यकही, कारण बाटलीतला अमोनिया किंवा चिमूटभर खाद्य कुजवूनही ते काम चार ते सहा आठवड्यांत होते. त्याहून वाईट म्हणजे महिनाभर एकट्याने राहिलेला डॅमसेल पूर्ण टाकीला आपले वतन समजू लागतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाचा पिच्छा पुरवतो. तीन पांढरे ठिपके असलेला काळा डोमिनो डॅमसेल तर १४ सेंटिमीटरचा होतो. पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल त्यातल्या त्यात सौम्य, पण तोही एकटा आणि सर्वांत शेवटी सोडायचा मासा आहे, आणि क्लाउनफिश स्वतःच डॅमसेलच्या कुळातले असल्याने दोघांमध्ये भाऊबंदकी ठरलेली.

हिरवट निळे क्रोमिस थव्याने पोहतात म्हणून पाच-सहा एकदम घेतले जातात. लहान टाकीत तो थवा टिकत नाही. त्यांच्यात श्रेणी लागते, सर्वांत खालच्याला इतर सगळे टोचतात, तो मेला की त्याच्या वरच्याची पाळी येते, आणि शेवटी एकच उरतो. माणसाला वाटते, पाण्यात काहीतरी बिघडले. सहा रेषांचा रास म्हणजे सिक्सलाइन हा आणखी एक फसवा मासा: दगडांतून सुळसुळत फिरणारा, चपळ, किडे खाणारा, आणि एकदा बस्तान बसले की नव्या पाहुण्याला जगू न देणारा. मोठ्या टाकीत तो ठीक आहे. इथे त्याला पूर्ण टाकी हवी असते. मॅजेंटा डॉटीबॅकही त्याच वृत्तीचा. त्याच्यासारखाच जांभळा, पण तांबड्या समुद्रातला फ्रीडमनचा डॉटीबॅक बराच निवळलेला असतो, आणि तो पैदास केलेला मिळाला तर ग्रामाच्या जागी चालेल.

मँडरिन आणि क्लीनर रास या दोघांची गोष्ट निराळी आहे, कारण ते कोणाशी भांडत नाहीत, ते उपाशी मरतात. मँडरिन दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपत हिंडतो आणि या टाकीतले कोपेपॉड त्याला काही आठवडेच पुरतात. बहुतेक मँडरिन दाणेदार खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. निळ्या-काळ्या पट्ट्याचा क्लीनर रास इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, आणि तीन मासे म्हणजे त्याचे पोट भरेल एवढे गिऱ्हाईक नव्हे. दोन्ही मासे बाजारात सहज मिळतात, म्हणूनच त्यांची नावे इथे घेतली. सफाईचे काम पाहण्याची हौस असेल, तर निऑन गोबी किंवा क्लीनर कोळंबी आणावी. दोघेही नेहमीचे खाद्य खातात.

मासे आणि प्रवाळ यांचे जमते का, हा प्रश्न भारतात कायद्याने बराच सोपा केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळभिंती बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना संरक्षण आहे, समुद्रघोड्यांनाही. त्यामुळे परदेशी याद्यांतले, कोणता मासा ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळाला तोंड लावतो आणि कोणता नाही, हे सगळे तक्ते आपल्याला गैरलागू आहेत. कोणी समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ विकायला आणला, तर त्यात प्रवाळाचा सांगाडा असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून सिरॅमिकचा किंवा कृत्रिम दगड घ्यावा. कागदपत्रांसह घेतलेले झोअँथिड, मशरूम आणि लेदर यांसारखे प्रवाळाच्या नात्यातले मऊ जीव या टाकीच्या दिव्याखाली चांगले वाढतात, आणि वर सुचवलेला एकही मासा त्यांना खात नाही. बटरफ्लाय मासे आणि बहुतेक एंजल मासे मात्र त्यांनाही चावतात. कोरल ब्यूटी नावाचा दहा सेंटिमीटरचा बुटका एंजल ‘लहान टाकीसाठी’ म्हणून दाखवला जातो. तो प्रवाळाला तोंड लावेल की नाही ही नशिबाची गोष्ट असते, आणि ५२ लिटर त्याला तसेही अपुरे आहेत.

सोडण्याचा क्रम निवडीइतकाच निर्णायक आहे. प्रचलित सल्ला असा, की क्लाउनफिश काटक म्हणून तो आधी सोडावा. मला तो पटत नाही. काटकपणा नव्या पाण्यासाठी उपयोगी आहे हे खरे, पण टाकी नीट सायकल झालेली असेल तर त्याची गरजच उरत नाही, आणि आधी आलेली जोडी सगळ्या टाकीला आपले घर मानून बसते. म्हणून आधी गोबी आणि कोळंबी सोडावीत, त्यांचे बीळ पक्के होऊ द्यावे, तीन-चार आठवड्यांनी, आणायचाच असेल तर, दगडात राहणारा मासा, आणि सर्वांत शेवटी क्लाउनफिशची जोडी. दोन वेळांमधले हे अंतर जिवाणूंना वाढलेल्या घाणीशी जुळवून घ्यायलाही लागते. प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या २० लिटरच्या साध्या टाकीत ठेवावा, कारण अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, की त्यावरचे तांब्याचे औषध तिथे वापरता येत नाही. तांबे कोळंबीला आणि प्रवाळांना मारते. लहान टाकी घेणाऱ्याला दुसऱ्या टाकीचा खर्च जाचतो, पण ती अगदी स्वस्तातली, बिनवाळूची असली तरी चालते.

आपल्या हवामानात माशांची संख्या मर्यादित ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. या माशांना २५ ते २७ अंश तापमान मानवते, आणि मे महिन्यात बंद खोलीतल्या टाकीचे पाणी ३० च्या पुढे सहज जाते. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांना मात्र तो जास्त लागतो. त्यात वीज गेली आणि पंप थांबला, तर सर्वांत आधी मोठे मासे गुदमरतात. तीन लहान माशांच्या टाकीत तुम्हाला बॅटरीवरचा हवापंप शोधायला काही तास मिळतात, भरलेल्या टाकीत ते मिळत नाहीत. पृष्ठभागावर रोखलेला छोटा पंखा पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो, मात्र बाष्पीभवन वाढवतो, म्हणून उडालेले पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढावे लागते. पावसाळ्यात दमट हवेमुळे पंख्याचा हा परिणाम कमी होतो.

टाकी म्हणून ईव्होला माझी पसंती आहे, ती एका अटीवर: तिच्याकडे दोन-तीन माशांचे घर म्हणून पाहावे. तिची उथळ रुंदी गोबी आणि कोळंबीसाठी सोयीची आहे, कारण बीळ बहुधा पुढच्या काचेला लागूनच पडते आणि आतला व्यवहार दिसतो. मागच्या कप्प्यांची सोय चांगली आहे, फक्त त्यांच्या फटींतून अगदी लहान गोबी आत शिरणार नाही एवढी जाळी लावून घ्यावी. ज्यांना थवा पाहिजे, टँग पाहिजे किंवा दर महिन्याला एक नवा रंग पाहिजे, त्यांनी हे पैसे साठवून २०० लिटरच्या पुढची टाकी घ्यावी.

खरेदीला जाताना सकाळी जावे आणि विक्रेत्याला मासा समोर खाताना दाखवायला सांगावे. जो मासा दाणे थुंकतो, दगडाला अंग घासतो किंवा कोपऱ्यात वरच्या बाजूला धापा टाकत उभा असतो, तो कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये. दुकानात तो कधी आला हे विचारावे. कालच आलेल्या माशासाठी आगाऊ रक्कम देऊन दहा दिवसांनी परत यावे. क्लाउनफिशची जोडी घेताना एकाच टाकीतली, एकत्र राहिलेली आणि आकारात उघड फरक असलेली पिल्ले निवडावीत, आणि विक्रेता ‘बरोबर एक डॅमसेल फुकट’ म्हणाला, तर तो डॅमसेल त्याच्याच टाकीत राहू द्यावा.